पॉलिमर क्लेच्या कार्यशाळेत भाजणंही शिकवायचं की नाही?

गोदाकाठची
रविवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी.

गेली सहा वर्षं मी नाशकात पॉलिमर क्लेचे दागिने शिकवते. सोसायटीचा हॉल, बचत गटाची खोली, मंगल कार्यालयाचा वरचा मजला, जागा मिळेल तिथे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस, तेव्हा वाण म्हणून काहीतरी हातचं द्यावं असं वाटून बायका येतात. मे महिन्यात मुलं येतात. एका प्रश्नासाठी हा धागा काढतेय, पण तो प्रश्न मला कसा पडला ते आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझा वर्ग तीन तासांचा असायचा. चौदा-पंधरा जणी, प्रत्येकीला तीन रंगांची क्ले, कानातल्यांच्या दोन जोड्या. झालेले तुकडे मी ट्रेमध्ये गोळा करायचे, घरी नेऊन माझ्या ओव्हनमध्ये भाजायचे, हूक लावायचे आणि दोन दिवसांनी आयोजक ताईंकडे पोचवायचे. सगळ्या खूश असायच्या आणि मीही.

मग इंदिरानगरच्या वर्गातल्या एका ताईंचा फोन आला. जावेच्या डोहाळजेवणाला आलेल्या बायकांना द्यायला म्हणून त्यांनी कानातल्यांच्या अकरा जोड्या केल्या होत्या. क्ले स्वतःच्या पैशांनी आणली, रात्री जागून केल्या, घरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १३० वर अर्धा तास भाजल्या. कार्यक्रमाच्या संध्याकाळपर्यंत चार जोड्या मोडल्या. एकीचं कानातलं तर पदर सारखा करताना पदरातच अडकून दोन तुकडे झालं. ताई रागावल्या नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही सगळं नीट शिकवलंत हो, पण भाजलं तेव्हा आम्ही तिथे नव्हतो."

मी माझा ओव्हन थर्मामीटर पिशवीत टाकला आणि त्यांच्या घरी गेले. ओटीजीची कळ १३० वर लावली, वीस मिनिटं रिकामा तापू दिला. काचेतून बघितलं तर थर्मामीटरचा काटा १०५ वर. अजून दहा मिनिटं थांबलो, काटा १०८. अकरा जोड्या कच्च्या राहिल्या होत्या. हाताला कडक लागत होत्या, दिसायला सुंदर होत्या, आणि आतून बिस्किटासारख्या होत्या.

ज्यांना हे माध्यम नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पॉलिमर क्ले ही माती नाही. पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य, रंग आणि थोडा भराव, एवढंच त्यात असतं. तिच्यात पाणी नाही, त्यामुळे ती हवेवर वाळत नाही. महिनाभर टेबलावर ठेवली तरी धूळ खाईल, पण पक्की होणार नाही. उष्णता मिळाली की पीव्हीसीचे कण ते द्रव्य शोषून फुगतात आणि एकमेकांत मिसळून सलग होतात. ही क्रिया पूर्ण झाली तर पातळ पट्टी वाकते आणि पुन्हा सरळ होते. अर्धवट झाली तर कण नुसते एकमेकांना चिकटून बसलेले असतात, जरा ताण आला की कडकन तुटतात. म्हणजे ज्या गोष्टीवर दागिन्याचा टिकाऊपणा ठरतो तीच गोष्ट मी घरी नेऊन करत होते आणि बाकीचं शिकवून "कार्यशाळा" म्हणत होते.

तेव्हापासून वर्ग बदलला. आता दोन रविवार, दर वेळी अडीच तास. पहिल्या दिवशी मळणं, लाटणं, कापणं आणि भाजणं. दुसऱ्या दिवशी घासणं, हूक लावणं आणि एखादी सोपी केन, म्हणजे चकत्या पाडल्या की प्रत्येकीत तेच चित्र निघतं अशी क्लेची दांडी. ओटीजी हॉलमध्येच असतो, सगळ्यांना दिसेल असा. दागिन्याच्या आधी प्रत्येक जण एक पट्टी करते, बोटभर लांब, दोन-अडीच मिलिमीटर जाड. सुईने स्वतःचं आद्याक्षर कोरायचं आणि भाजायला ठेवायची. मुद्दाम मी अर्ध्या पट्ट्या दहा मिनिटांत बाहेर काढते आणि अर्ध्या पूर्ण वेळ ठेवते. गार झाल्या की सगळ्यांनी आपापली पट्टी वाकवायची. दहा मिनिटांवाली तुटते तेव्हा हॉलमध्ये जो आवाज होतो ना, तो ऐकल्यावर "किती वेळ ठेवायचं?" हा प्रश्न कुणी परत विचारत नाही.

माझा प्रश्न असा: यामुळे वर्गाला येणाऱ्यांची संख्या कमी झाली. दोन रविवार काढणं अनेकींना जमत नाही. फी ६०० वरून ९०० झाली. इथे आणखी कुणी दागिने किंवा इतर हस्तकला शिकवतं का? तुम्ही भाजणं वर्गात आणता, की घरी करून देता? आणि हॉलमधल्या विजेचं काय करता? दोनदा माझ्या ओटीजीने अख्ख्या मजल्याचे दिवे घालवले आहेत.

द्राक्षवेल
रविवार, दुपारी १:०५

छान धागा. मीही शिकवते, कॉलेज रोडच्या बाजूला, चार वर्षं झाली. माझं मत वेगळं आहे, राग मानू नका.

बायका रविवारचे तीन तास काढतात तेच मुळात कसरत करून. घरी सासूबाई, मुलांचे क्लास, संध्याकाळचे पाहुणे. त्यांना हवा असतो एक मोकळा तास, हातात रंग, आणि जाताना स्वतः केलेलं काहीतरी. सगळ्यांना पुढे व्यवसाय करायचा नसतो. दहातल्या एक-दोघी घरी परत करून बघतात, त्यांच्यासाठी मी भाजण्याचा कागद देते: तापमान, वेळ, काय करू नये. बाकी आठ जणींना पट्ट्या तोडायला लावून त्यांचा वेळ का घ्यायचा? तुमच्या त्या ताईंनी फोन करून विचारलं असतं तर तुम्ही सांगितलंच असतं की.

गोदाकाठची
रविवार, दुपारी १:४०

द्राक्षवेल, राग कसला. तुमचं बरोबर आहे की सगळ्यांना पुढे करायचं नसतं. पण त्या दहातल्या दोघी कोण, हे वर्गात बसलेलं असताना कळत नाही. डोहाळजेवणवाल्या ताई पूर्ण वर्गात एक शब्द बोलल्या नव्हत्या.

आणि कागदाचं सांगते. मीही तेव्हा कागद देत होते. त्यावर "१३० अंश, ३० मिनिटं" स्पष्ट लिहिलं होतं आणि ताईंनी तंतोतंत तेच केलं. कागदात चूक नव्हती, त्यांच्या हातून चूक झाली नव्हती, चूक होती कळेच्या आकड्यात. तुमच्या ओटीजीचा १३० म्हणजे खरोखर १३० नसतो, हे कागदावर लिहिलं तरी पटत नाही. काटा १०५ वर बघितला की पटतं.

सिडकोकर
रविवार, दुपारी ३:१५

दागिन्यांतलं मला काही कळत नाही, पण अंबडला एका कारखान्यात विजेचं काम बघतो, म्हणून त्या भागावर लिहितो.

ओटीजीत बहुतेक वेळा दोन धातूंच्या पट्टीचा थर्मोस्टॅट असतो. तापली की पट्टी वाकते, संपर्क तुटतो, कॉइल बंद होते. गार झाली की सरळ होते, कॉइल पुन्हा सुरू. त्यामुळे आतलं तापमान एका जागी थांबत नाही, सतत वरखाली होत असतं. शिवाय ही पट्टी कुठेतरी कडेला असते आणि तुमची वस्तू मधोमध. म्हणून थर्मामीटर वस्तूच्या उंचीवर, वस्तूच्या शेजारीच ठेवायचा. दारापाशी टांगलेला थर्मामीटर वेगळं सांगेल. आणि काटा एकदा बघून समाधान मानू नका, दर पाच मिनिटांनी असं अर्धा तास बघा. मग तुमचा ओटीजी किती ते किती हलतो ते कळेल.

आता दिवे जाण्याचं. तुमचा ओटीजी २००० वॅटचा असेल तर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो. १५०० वॅटचा साडेसहा. हॉलमधले भिंतीवरचे नेहमीचे लहान सॉकेट ६ अँपिअरचे असतात, ते यासाठी नाहीतच. जाड तीन पिनांचा १६ अँपिअरचा पॉइंट शोधा. एसीचा असतो, मागच्या स्वयंपाकघरात गीझरचा असतो. एक्स्टेंशन लावायचं झालं तर तेही १६ अँपिअरचं, जाड वायरचं, आणि वायर गुंडाळलेली ठेवायची नाही, पूर्ण उलगडायची. गुंडाळलेली वायर तापते. एका एक्स्टेंशनवर ओटीजी आणि पंखा आणि चहाची किटली असं अजिबात नको. हॉल बुक करतानाच विचारा, नाहीतर आदल्या दिवशी जाऊन बघून या.

गोदाकाठची
रविवार, दुपारी ३:३०

सिडकोकर दादा, ही माहिती मला सहा वर्षं हवी होती. किटली होती त्याच एक्स्टेंशनवर. दोन्ही वेळा.

दुपारची_चार
रविवार, संध्याकाळी ५:५०

माझा प्रश्न आई म्हणून आहे. मुलगी नऊ वर्षांची. हे पीव्हीसी आहे, प्लास्टिक आहे, बंद हॉलमध्ये ओव्हनमध्ये तापवायचं आणि मुलं शेजारी बसणार. त्याचा धूर, वास? ज्या ओटीजीत आम्ही केक करतो त्यातच करायचं का? आणि मऊ करणाऱ्या त्या द्रव्याबद्दल मी काही बरं ऐकलेलं नाही.

गोदाकाठची
रविवार, रात्री ९:१०

हा प्रश्न प्रत्येक वर्गात विचारला गेला पाहिजे, म्हणून सविस्तर लिहिते.

ठरलेल्या तापमानाला भाजताना हलका वास येतो, धूर येत नाही. धूर आला म्हणजे तापमान हाताबाहेर गेलं. १७५ अंशांच्या वर क्ले काळवंडायला लागते आणि जळायला लागली की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. तसं झालं तर ओव्हनचं दार उघडायचं नाही. बटण बंद, प्लग बंद, खिडक्या उघडायच्या आणि मुलांना घेऊन बाहेर जायचं. पूर्ण गार झाल्यावर मगच दार उघडायचं. हे मी पहिल्या दिवशी, ओव्हन लावायच्या आधी सांगते. सहा वर्षांत एकदा माझी क्ले जळली आहे, घरी, मी फोनवर बोलत होते तेव्हा. म्हणून वर्गात ओव्हनशेजारी एक माणूस कायम बसलेलं असतं. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच भाजायची नाही, तिथे उष्णता कुठे किती लागतेय यावर आपला ताबाच राहत नाही.

ते द्रव्य: पूर्वी यात थॅलेट जातीची प्लास्टिसायझर वापरत. युरोप आणि अमेरिकेत मुलांच्या वस्तूंमधल्या काही थॅलेटवर बंधनं आली, अमेरिकेचा तो कायदा २००८ चा, आणि मोठ्या कंपन्यांनी आपली घडण बदलली. फिमो, स्कल्पी, सर्निट यांची नवी पाकिटं मी वापरते. नाव-गाव नसलेली, सुटी, वजनावर मिळणारी क्ले मुलांच्या हातात देत नाही, कितीही स्वस्त पडली तरी.

केकचा ओटीजी: शक्य असेल तर वेगळा. नसेल तर झाकणाच्या डब्यात किंवा अॅल्युमिनियमच्या ट्रेवर दुसरा ट्रे उपडा ठेवून भाजा, नंतर आतून पुसून घ्या, आणि एकाच वेळी खाणं आणि क्ले कधीच नाही. क्लेला लागलेलं लाटणं, सुरी, बिस्किटाचे साचे परत स्वयंपाकघरात जात नाहीत. माझ्याकडे क्लेच्या सामानावर लाल चिकटपट्टी लावलेली आहे, म्हणजे घरात कुणी विसरत नाही. हात साबणाने धुतल्याशिवाय मुलांना खाऊ नाही. आणि नऊ वर्षांच्या मुलीने लाटावं, कापावं, रंग मिसळावे. ओव्हन आणि ब्लेड मोठ्यांकडे.

द्राक्षवेल
रविवार, रात्री ९:४५

हे लाल चिकटपट्टीचं मी उद्यापासून करणार.

ओली_माती
सोमवार, सकाळी ७:३०

मी टेराकोटाचे दागिने करते आणि शिकवते. आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. ८००-९०० अंशांची भट्टी मी वर्गात आणू शकत नाही, त्यामुळे भाजणं माझ्याच अंगणात होतं. पण मी एक करते. भट्टी उघडते त्या दिवशी सगळ्यांना बोलावते. ज्यांना यायचं ते येतात. कुणाचा मणी तडकलेला निघतो, कुणाचा काळा पडलेला. तो तडकलेला मणी हातात घेऊन त्या स्वतःच विचारतात, का तडकला? आत हवा राहिली, नीट वाळला नव्हता, भिंत एकीकडे जाड होती. एवढं त्या दिवशी शिकतात तेवढं माझ्या तीन तासांत शिकत नाहीत.

तुमची क्ले हॉलमध्ये भाजता येते. एवढी सोय आमच्याकडे नाही. असताना सोडू नका.

एक विचारते. हिवाळ्यात क्ले दगड होते असं माझी मैत्रीण म्हणते. नाशिकच्या थंडीत कसं करता?

गोदाकाठची
सोमवार, सकाळी १०:१५

भट्टी उघडायला बोलावता, हे किती छान. मी पहिल्या रविवारी ट्रे काढताना सगळ्यांना उभं करते, ते आता आणखी मनावर घेईन.

थंडीचं खरं आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नवाला वर्ग ठेवला तर अर्धा तास नुसता मळण्यात जातो आणि क्लेचा चुरा पडतो. एकाहत्तर वर्षांच्या एक आजी होत्या, संधिवाताने बोटं वाकलेली. त्यांना कडक क्ले मळता येईना, डोळ्यांत पाणी आलं. दुसरं कुणी मळून देत होतं ते त्यांना नको होतं. मग मी त्यांचं पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या मांडीवर शालीखाली ठेवलं आणि तोवर त्यांना रंग कसे मिसळायचे ते दाखवलं. वीस मिनिटांत अंगाच्या उबेने क्ले ऐकू लागली. तेव्हापासून हिवाळ्यात सगळ्यांची क्ले मी पंधरा-पंधरा ग्रॅमचे गोळे करून, आदल्या रात्री घरी एकदा मळून आणते. वर्ग अकराला. कणीक मळतो तसंच, एकदम जोर लावायचा नाही, लहान तुकडा आधी मऊ करायचा, मग त्याला दुसरा जोडायचा.

एप्रिल-मेमध्ये उलट. पारा चाळिशीत गेला की क्ले लोण्यासारखी होते, बोटांचे ठसे उमटतात, ब्लेडने कापताना गोल तुकडा अंडाकार होतो. तेव्हा जास्तीचं द्रव्य काढायला लाटलेली क्ले दोन कोऱ्या कागदांमध्ये वजनाखाली ठेवते. कागदावर तेलाचे डाग उतरतात आणि क्ले जरा घट्ट होते. केन कापायच्या आधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये. पावसाळा मात्र आपला. हवेवर वाळणारी क्ले जुलैत चार-चार दिवस ओली राहते, पॉलिमरला दमट हवेने फरक पडत नाही. एकदाच पावसाने वर्ग बुडवला, गोदेला पूर होता, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी आलं होतं आणि पंचवटीतल्या पाच जणी येऊच शकल्या नाहीत.

थंडीत आणखी एक: लोकरीचा स्वेटर घालून येऊ नका असं निमंत्रणातच लिहा. पांढऱ्या क्लेवर स्वेटरचा एक तंतू बसला की तो कायमचा. आणि रविवारी बायका भाजी चिरून, फोडणी देऊन येतात. नखात हळद असते. पांढरी क्ले हातात घेतली की ती पिवळट होते आणि मग त्या म्हणतात, क्लेच खराब आहे. आधी हात ओल्या टिश्यूने पुसायचे, मग पांढरी, मग पिवळी, मग बाकीचे रंग, लाल आणि काळा सगळ्यात शेवटी. लाल रंग हातावरून उतरायला वेळ घेतो.

पंचवटी_एक्सप्रेस
सोमवार, दुपारी २:२०

मी मूळची नाशिकरोडची, आता ठाण्यात. रेल्वेत बसून वाचतेय.

या क्लेचा जन्मही घरातल्या टेबलावरच झाला. जर्मनीत केथे क्रुझे या प्रसिद्ध बाहुल्या बनवणाऱ्या बाई होत्या. बाहुल्यांच्या डोक्यांसाठी साहित्य शोधताना त्यांची मुलगी फिफी हिने हे मिश्रण हाताळलं आणि पुढे स्वतः "फिफी मोझाइक" नावाने विकलं. १९६४ मध्ये ते एबरहार्ड फाबर कंपनीने घेतलं आणि फिफी-मोझाइकचं फिमो झालं. बाहुलीच्या डोक्यासाठी सुरू झालेली गोष्ट आज आपल्या कानात आहे. आणि ज्याला आपण केन म्हणतो, म्हणजे लांब दांडीत चित्र दडवून तिच्या चकत्या पाडायच्या, ते तंत्र मूळचं काचकामातलं, मिलेफिओरी. इटालियन भाषेत हजार फुलं.

गोदाकाठची, तुम्ही केन कुठली शिकवता? माझ्या वर्गात नवशिक्या फुलाच्या केनला घाबरतात.

गोदाकाठची
सोमवार, संध्याकाळी ४:००

फूल मी पहिल्यांदा शिकवतच नाही. पैठणीच्या नारळी काठाचे त्रिकोण शिकवते. एका वर्गात येवल्याच्या एक ताई होत्या, माहेरी हातमाग. त्यांनी नेसलेल्या साडीचा काठ टेबलावर पसरला आणि म्हणाल्या, हे तर नुसते त्रिकोण आहेत. तिथून सुरू झालं.

सोनेरी रंगाची एक जाड दांडी घ्यायची, बोटांनी आणि टाइलवर दाबून तिचा त्रिकोण करायचा. तशीच दुसरी जांभळ्याची. दोन्हींचे अंगठ्याएवढे तुकडे पाडायचे. एक सोनेरी टोक वर करून, तिच्या शेजारी जांभळी टोक खाली करून, मग पुन्हा सोनेरी. टोकं एकमेकांत बसतात, फट राहत नाही. वर-खाली जांभळ्याची पातळ पट्टी. आता हा चौकोनी ठोकळा मधून दाबत दाबत लांब करायचा. टोकांकडून ओढायचा नाही. मधून दाबायचा, उलटवायचा, पुन्हा दाबायचा. नेमक्या इथेच घाई होते. ठोकळा बोटाएवढा बारीक झाला की दोन्ही टोकं कापून टाकायची, तिथे चित्र विस्कटलेलं असतं. आणि मग पहिली चकती. जांभळ्यावर सोन्याचे त्रिकोण, नखाएवढ्या जागेत. येवल्याच्या ताईंनी ती चकती साडीच्या काठावर ठेवली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

द्राक्षवेल
सोमवार, रात्री ८:३०

वाचून अंगावर काटा आला.

मी काल रात्री माझ्या ओटीजीत थर्मामीटर ठेवून बघितला. चार वर्षांत पहिल्यांदा. कळ १३० वर, काटा १५० च्या वर जाऊन १३५ पर्यंत उतरत होता. म्हणजे माझा तापट आहे. माझ्या पांढऱ्या आणि फिकट गुलाबी तुकड्यांना नेहमी पिवळी झाक यायची आणि मी क्लेच्या कंपनीला दोष देत होते. माझं कालचं मत सगळं मागे घेत नाही, एका दिवसाचा वर्ग मी चालूच ठेवणार. पण त्यात पट्टी असेल. वेळ कसा बसवायचा ते सुचवा.

गोदाकाठची
सोमवार, रात्री ९:०५

जमेल. वर्ग सुरू व्हायच्या आधी ओव्हन तापलेला ठेवा, कारण वेळ मोजायची ती काटा जागेवर आल्यावर. पट्टी हे पहिलंच काम. लाटताना जाडी सारखी यावी म्हणून दोन्ही बाजूंना आठ-आठ पत्ते रचून त्यावरून लाटणं फिरवा, बरोबर अडीच मिलिमीटरच्या आसपास येतं, कुणाला पास्ता मशीन लागत नाही. बुडबुडे दिसले तर सुईने फोडून बोट फिरवायचं. सव्वा अकराला पट्ट्या आत, दागिने करता करता पावणेबाराला बाहेर, बाराला गार. तेव्हा थांबून सगळ्यांनी वाकवायच्या. दागिने मग तुम्ही घरी भाजा, काही हरकत नाही.

पिवळी झाक घालवायला वरची कॉइल बंद ठेवा, खालचीच चालू. तुकडे साध्या चकचकीत टाइलवर ठेवा आणि वरून फॉईलचा तंबू. टाइल विक्रेत्याकडे तुटक्या पेटीतली सुटी टाइल सहज मिळते. तापमान बरोबर असेल तर पंधरा-वीस मिनिटं जास्त ठेवल्याने काही बिघडत नाही, उलट बळकट होते. फिमोच्या पाकिटावर ११० अंश असतात, स्कल्पीच्याच प्रीमोच्या १३०. एकत्र भाजायचं असेल तर पाकीट वाचल्याशिवाय नको.

आणि शिल्लक क्ले घरी देताना कशात देता? मी एकदा थर्माकोलच्या ताटल्यांत दिली होती. सकाळपर्यंत क्लेने ताटली खाल्ली, दोन्ही एकजीव. कच्च्या क्लेतलं द्रव्य काही प्लास्टिक विरघळवतं. बटर पेपरमध्ये गुंडाळून द्या, किंवा बुडाला त्रिकोणात ५ आकडा असलेला डबा.

सिडकोकर
सोमवार, रात्री १०:००

बायकोने धागा वाचला. विचारतेय, हूक घातल्यावर तिचा कान चिघळतो, तो क्लेमुळे का?

गोदाकाठची
सोमवार, रात्री १०:२०

बहुधा क्लेमुळे नाही, हुकातल्या निकेलमुळे असेल. स्वस्त हुकांना वर नुसता मुलामा असतो. निकेल नसलेले हूक वापरायला सांगा, मी मुंबईच्या भुलेश्वरहून एकदम मागवते. कान चिघळलेला असेल तर बरा होईपर्यंत काहीच घालू नका, आणि बरा होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. जंप रिंग, म्हणजे हूक आणि तुकडा जोडणारी बारीक कडी, उघडताना दोन पक्कडींनी एक टोक पुढे, एक मागे असं वळवायचं. बाहेरच्या बाजूला फाकवली की ती परत गोल होत नाही आणि कानातलं रस्त्यात पडतं.

रानजाई
शनिवार, संध्याकाळी ६:४५

मी या धाग्यातली नवीन. गेल्या रविवारी गोदाकाठची ताईंच्या वर्गाला होते, पहिला दिवस. वर्गात माझी पट्टी दहा मिनिटांच्या गटात होती. तुटली. घरी आल्यावर वाटलं, आपल्या ओटीजीत बघू.

बुधवारी कळ १३० वर. अर्धा तास. पट्टी गार करून वाकवली, तुटली. थर्मामीटर नव्हता. गुरुवारी मेन रोडला जाऊन थर्मामीटर आणला, ओटीजीत टाइलवर ठेवला. कळ १३० वर काटा ११०. १४० वर ११८. १५० वर वीस मिनिटांनी १२८, आणि तिथेच थोडा पुढे-मागे. नवऱ्याने कळेच्या शेजारी मार्करने रेघ मारली आणि "क्ले" लिहिलं.

आज सकाळी त्या रेघेवर, फॉईल झाकून, चाळीस मिनिटं. पट्टी आत्ता माझ्या हातात आहे. दोन्ही टोकं एकमेकांना टेकतात आणि सोडली की सरळ होते. जांभळी आहे, त्यावर माझं आद्याक्षर. उद्या घेऊन येते.